तडा पुन्हा वेल्डिंगच्या कडेनेच का गेला?

पारोळा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. अवजारं दुरुस्तीचं छोटं दुकान, त्यात वडिलांच्या वेळचा सहा इंची बेंच व्हाइस, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा. वखराची पास, म्हणजे पातं, पकडून घणाने सरळ करताना सरकत्या जबड्याला बुडाशी तडा गेला. गावातल्या वेल्डरने साध्या रॉडने जोडून दिला, तर आठ दिवसांत वेल्डिंगला लागूनच नवा तडा आला. आता स्क्रूही मधूनच घसरतो, घट्ट केलेली वस्तू सुटते. कोणता रॉड मारू, की हा मोडीत देऊन नवा घेऊ, असं त्याने विचारलंय. सोबत तीन फोटो आहेत.

भाऊ, रॉडचं सांगतो, पण आधी तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल बोलू. त्यात व्हाइसचं हँडल दिसतं. दोन्ही टोकांना गोळे असलेलं मूळचं हँडल ते नाही. कुठल्यातरी जुन्या शाफ्टचा जाड तुकडा त्या भोकात घातलेला आहे, आणि त्याच्या एका टोकाला पाइप घातल्याचे वळ स्पष्ट दिसतात. माझ्या मते तुमचा व्हाइस घणाच्या त्या एका घावाने तुटलेला नाही. हँडल बदललं त्या दिवसापासून तो तुटत आला आहे.

हे नीट समजून घ्या. चांगल्या व्हाइसचं हँडल मुद्दाम मऊ लोखंडाचं आणि बेताच्या जाडीचं ठेवतात. कुणी जास्त जोर लावलाच, तर आधी हँडल वाकावं, बीड (व्हाइसचं ओतीव लोखंड) शाबूत राहावं, यासाठी. घरच्या मीटरजवळ फ्यूजची तार असते, तेच काम इथे हँडल करतं. वाकलेलं हँडल ठोकून सरळ करता येतं, नाहीतर नवं करता येतं. त्या जागी टणक शाफ्ट घातला की फ्यूजच्या जागी जाड तार बांधल्यासारखं होतं. मग वाकायला काही उरत नाही, आणि जे वाकू शकत नाही ते तुटतं.

जोर किती पडतो ते बघा. स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो सरकतो ते अंतर, 6 मिमी धरू, हँडल मध्यापासून 250 मिमी. एका फेऱ्यात तुमचा हात सुमारे 1570 मिमी फिरतो आणि जबडा फक्त 6 मिमी सरकतो. म्हणजे हाताचा जोर कागदावर 260 पट होतो. यातला तीन चतुर्थांश, कधी त्याहून जास्त, घर्षणातच जातो. तरीही हाताने वीस किलोचा जोर लावला तर जबड्यावर टनभर दाब येतो. पाइप घालून हँडल दुप्पट लांब केलं की दोन टन, आणि पाइपला लटकलात तर त्याहून पुढे. हा सगळा दाब जबड्याच्या वरच्या टोकाला बसतो आणि जबडा मागे ढकलतो. त्यामुळे जबड्याच्या बुडाशी, पकडीच्या बाजूच्या कोपऱ्यात, धातू ताणला जातो. बिडाची खोड अशी की दाब ते मजेत सोसतं, ताण सोसत नाही. साधं करडं बीड दाबाला ताणाच्या तीन-चार पट टिकतं. म्हणून तडा नेहमी पकडीच्या बाजूने, खालच्या कोपऱ्यातून सुरू होतो. तुमच्या पहिल्या फोटोत तो तिथूनच निघालाय.

म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: हा जबडा पुन्हा टनभर ताण घेऊ शकेल का, आणि घेणार असेल तर कोणत्या जोडाने? याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. धातू कोणता आहे, तडा कुठपर्यंत गेलाय आणि या व्हाइसवर तुम्ही पुढे काय काम करणार आहात. फोटोवरून यातलं मला अर्धंच कळतं. बाकीचं तुम्हाला तपासावं लागेल, ते कसं ते सांगतो.

धातूची परीक्षा सोपी आहे. जबड्याच्या खालच्या बाजूला, जिथे काही बिघडणार नाही तिथे, पाच मिमीच्या ड्रिलने अर्धा सेंटिमीटर भोक पाडा आणि चुरा हातावर घ्या. काळसर, भुगा झालेला, बोटं पेन्सिलच्या शिशासारखी काळी करणारा असेल तर करडं बीड. कुरळ्या लांब पट्ट्या निघाल्या तर पोलाद. आखूड पण जरा चिवट तुकडे निघाले तर ते एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं बीड, असू शकतं. तुमचा व्हाइस वडिलांच्या वेळचा आहे आणि तुटलेल्या जागी करडे दाणे दिसतायत, त्यामुळे मी करडं बीड धरूनच पुढे लिहितो. पोलाद निघालं तर पुढचं बरंचसं लागू नाही, मग तुमचा वेल्डरही नीट जोडू शकेल.

तडा किती खोल आणि कुठपर्यंत, हे डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर कधीच ठरवू नका. मी जळगावात जिनिंगच्या मशिनांच्या दुरुस्तीत शिकलो. तिथे आमचे मिस्त्री होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. तडा गेलेला बिडाचा भाग आला की नाना आधी तो रॉकेलने भिजवायचे आणि बिडी ओढायला बाहेर निघून जायचे. परत आले की कोरड्या फडक्याने तो लख्ख पुसायचे, खिशातून शाळेचा खडू काढायचे आणि संशयाच्या जागेवर आडवा घासायचे. मग हातोडीने हलकेच टिचकी मारायचे. पांढऱ्या खडूवर हळूहळू एक ओली, पिवळट रेघ उमटायची, केसाएवढी बारीक. जिथे आम्हाला तडा संपलेला दिसायचा, तिथून ती रेघ आणखी दोन बोटं पुढे जायची. आजही मी हीच परीक्षा करतो. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं, फक्त भिजवायला जास्त वेळ द्या.

ही रेघ बघूनच बराचसा निर्णय होतो. तडा फक्त जबड्याच्या मानेत असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. तो खाली उतरून, ज्या चौकोनी भागात स्क्रू बसतो त्या सरकत्या दांड्यात गेला असेल, आणि विशेषतः स्क्रूच्या भोकापर्यंत पोचला असेल, तर मी जोडत नाही. तिथे ताण, पिळ आणि घासणी तिन्ही एकत्र येतात, जागा अरुंद असते, आतून हात पोचत नाही. असे दोन व्हाइस मी जोडून दिले होते, दोन्ही वर्षाच्या आत परत आले.

आता तुमच्या वेल्डरचा जोड का फाटला ते. त्याच्या हाताचा दोष मी काढणार नाही, रॉडच चुकीचा होता. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. साधा माइल्ड स्टीलचा रॉड त्यावर मारला की वितळलेलं स्टील बिडातला कार्बन ओढून घेतं, आणि थंड होताना काचेसारखं टणक आणि ठिसूळ होतं. वेल्डिंगला लागून असलेल्या बिडाचीही एक पातळ पट्टी तशीच टणक होते. वर स्टील थंड होताना आकसतं आणि ओढ घेतं. एकीकडे ओढ, दुसरीकडे ठिसूळ पट्टी, मग तडा त्या पट्टीतूनच जाणार. कानस घेऊन बघा. मूळ बिडावर कानस खरखरत धरते, वेल्डिंगच्या कडेला नुसती घसरते, चरचर असा कोरडा आवाज येतो. ती घसरते तेवढा भाग खराब झालेला आहे.

हा सगळा भाग काढून टाकणं हे पहिलं काम, आणि लोक इथेच घाई करतात. जुन्या वेल्डिंगवरच नवा रॉड किंवा पितळ चढवलं तर काही उपयोग नाही. ग्राइंडरने वेल्डिंग पूर्ण काढा, त्याच्या कडेचे तीन-चार मिमी काढा, आणि कानस पुन्हा धरायला लागेपर्यंत थांबू नका. व्हाइस पूर्ण सुटा करून, जबड्याच्या कठीण प्लेटा उतरवून, मगच हे करा. प्लेटांचे स्क्रू अडकले असतील तर तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी स्क्रूच्या माथ्यावर पंच ठेवून दोन कडक टोले द्या, मग पेचकस लावा. जबरदस्तीने माथा फिरवून टाकलात तर ड्रिल मारत बसावं लागेल.

जोडण्याचे माझ्या मते दोनच योग्य मार्ग आहेत. एक, गॅसवर पितळ भरणं. दुसरा, निकेलचा रॉड.

निकेलच्या रॉडची चांगली गोष्ट ही की निकेल कार्बनशी जुळून टणक होत नाही, त्यामुळे जोड मऊ राहतो, त्यावर कानस आणि ड्रिल चालतात. रॉड महाग असतात, दुकानात सुटे मोजून मिळतात. पद्धत मात्र साध्या वेल्डिंगच्या उलट आहे. एका वेळी फक्त इंचभर ओळ मारायची, ती लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोकायची म्हणजे आकसण्याची ओढ मोडते, आणि मग हात टेकवता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. मग दुसऱ्या टोकाकडे पुढचा इंच. ज्याला दिवसाला दहा कामं उरकायची आहेत त्याच्याच्याने हा संयम होत नाही, म्हणून निकेलचे बरेच जोड फसतात. मशिनच्या घराची भेग, फुटलेला कान, तुटलेला कोपरा यांना मी निकेल वापरतो.

व्हाइसच्या जबड्याला मात्र मी पितळच भरतो. कारण सांगतो. पितळ भरताना बीड वितळत नाही, फक्त लाल होतं, त्यामुळे ती ठिसूळ पट्टी तयार होण्याचा धोका जवळपास जातो. ब्रेझिंगचा चांगला रॉड, म्हणजे साधारण 60 टक्के तांबं आणि 40 टक्के जस्ताचा, ताणाला चौरस मिलिमीटरमागे 40 किलोच्या आसपास टिकतो. साधं एफजी 200 दर्जाचं बीड 20 किलोला. म्हणजे जोड नीट बसला तर पितळ बिडाआधी तुटणार नाही. शिवाय पितळ थोडं लवचीक आहे, धक्का पचवतं. सगळा प्रश्न ते बिडाला चिकटतं की नाही, याचा आहे.

चिकटण्याची आधीची तयारी म्हणजे भेगेचा खोल व्ही, म्हणजे V आकाराची खाच. तुमचा तडा मानेच्या दोन तृतीयांश भागात असेल असं दिसतं. दोन्ही बाजूंनी व्ही पाडा, मध्ये तीन-चार मिमीचा मूळ धातू ठेवा, म्हणजे जबडा आपली जागा सोडणार नाही. व्ही चांगला उघडा, काटकोनाइतका, कारण पितळाला चिकटायला जितकी जास्त जागा तितका जोड भक्कम. तडा जिथे संपतो त्याच्या किंचित पुढे चार मिमीचं भोक पाडा, म्हणजे तापताना तो पुढे पळणार नाही. आणि ही एक गोष्ट खास लक्षात ठेवा: व्हीचा शेवटचा हात ग्राइंडरचा नको. बिडात शिसपेन्सिलीच्या शिशासारखं ग्रॅफाइट असतं. ग्राइंडरचं चाक ते पृष्ठभागावर लोण्यासारखं फासतं, आणि त्यावर पितळ चिकटत नाही. शेवटी छन्नी किंवा खरखरीत कानस फिरवा, मग तारेचा ब्रश.

तेलाचं काय? जुना व्हाइस म्हणजे वर्षानुवर्षं तेल प्यालेला. धुतल्याने ते जात नाही. भाग हळूहळू गरम करा, धूर येईल, तेल फेसाळत वर येईल. धूर थांबेपर्यंत तापवा, थंड करा, पुन्हा ब्रश मारा. दोनदा केलंत तर उत्तम.

आता भरणं. आम्ही चार विटांचं आवार करून त्यात कोळसा आणि वाळलेल्या पऱ्हाट्या टाकतो. आपल्याकडे कापूस उपटून झाल्यावर बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग असतात, विस्तव छान धरतात. सगळा जबडा त्यात चहूबाजूंनी सारखा तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जाईल याच्याही पुढे. फक्त भेगेपाशी गॅस मारला आणि बाकीचं थंड राहिलं, तर तिथे फुगतं, इथे दाबतं, आणि नवा तडा दुसरीकडे जातो. हे काम मी उन्हात कधी करत नाही. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात लाल रंग दिसतच नाही, आणि इथे थर्मामीटर म्हणजे तुमचे डोळे आहेत. संध्याकाळी, शेडच्या आत करा.

बीड लाल दिसू लागलं की रॉडचं टोक तापवून फ्लक्सच्या, म्हणजे पितळ चिकटायला मदत करणाऱ्या भुकटीत बुडवा. बिडासाठीचा फ्लक्स दुकानात मागून घ्या, नुसत्या टाकणखारावर मला तेवढा भरवसा नाही. मग रॉड व्हीच्या तळाशी टेकवा. थेंब मोत्यासारखा गोल बसून राहिला तर बीड अजून थंड आहे. पांढरा धूर निघायला लागला आणि पितळ उकळून त्यात बारीक छिद्रं दिसली तर फार तापलं, जस्त जळतंय. बरोबर तापलं असेल तर थेंब एकदम सपाट होतो आणि गरम तव्यावर तूप पसरावं तसा पातळ थर भेगेच्या दोन्ही भिंतींवर चढत जातो. हा पहिला पातळ थर सगळीकडे बसेपर्यंत भरायची घाई करू नका. त्यानंतर मात्र पितळ पटापट घेतं. तो पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका. जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, मी तो भोगलेला आहे. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा आणि दार उघडं ठेवा.

भरून झालं की निम्मं काम राहिलं असं समजा. विस्तवातून काढून जबडा थेट कोरड्या राखेत गाडा, वर खाली चांगली वीतभर राख. चुन्याची कोरडी भुकटी असेल तर तीही चालते. सकाळपर्यंत उकरून बघायचं नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने उत्सुकतेपोटी दोन तासांनी राख बाजूला केली. उघड्या शेडमध्ये वारा सुटलेला होता. टिंग असा बारीक आवाज आला आणि दिवसभराचं काम गेलं. तो मुलगा खूप वेळ गप्प बसून होता. त्याचा आवाज फुटला तो असा, "भाऊ, हाई कसं व्हयनं?" मी त्याला तुटलेला तुकडा हातात देऊन दाखवलं: बाहेरचा भाग थंड होऊन आकसला होता, आतला अजून तापलेला होता, आणि बिडाला ताणता येत नाही म्हणून ते फुटलं.

या एकट्या जोडावरही मी विसंबत नाही. इथे तुमच्या व्हाइसच्या घडणीवर अवलंबून आहे, म्हणून फोटोत न दिसणारी बाजू नीट बघा. जबड्याची मान खाली पुरेशी जाड असेल, म्हणजे तडा ओलांडल्यावर निदान 25 मिमी भरीव बीड असेल, तर जबड्याच्या वरून खाली, पकडीच्या बाजूला शक्य तितकी जवळ, दोन भोकं पाडा. खालच्या भागात 10.2 मिमीचं ड्रिल मारून एम 12 चे आटे पाडा, वरच्या भागात 12.5 चं मोकळं भोक. त्यात उच्च ताकदीचे ॲलन बोल्ट घालून आवळा. हे बोल्ट तडा आधीच दाबून धरतात, त्यामुळे जबडा मागे ढकलला गेला तरी त्या कोपऱ्यात ताण उशिरा येतो. मानेच्या बगला सपाट असतील तर दोन्हीकडून 10 मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या, तड्याच्या वर दोन आणि खाली दोन बोल्टांनी बसवणं हाही चांगला उपाय आहे. बगला गोलाकार असतील तर पट्टीच्या भानगडीत पडू नका, ती टेकतच नाही. एपॉक्सी भरून जबडा जोडायचा विचार कुणी सुचवला असेल तर तो सोडून द्या. भोकाचं भगदाड बुजवायला ती ठीक आहे, टनभर ताणाला नाही.

स्क्रूचं वेगळं बघू. तुम्ही म्हणता तो मधूनच घसरतो. लगेच आटे गेले असं ठरवू नका. व्हाइसमध्ये स्क्रू ज्या नटात फिरतो तो मागच्या स्थिर भागात खालून बोल्टने किंवा पिनेने बसवलेला असतो. ती पिन झिजली किंवा बोल्ट ढिला झाला तरी नट जागेवरून हलतो आणि अगदी आटे घसरल्यासारखंच वाटतं. आधी तो बोल्ट आवळून बघा, दोन रुपयांच्या वॉशरने काम झालेलं मी पाहिलंय.

तसं नसेल तर झीज मोजा. समोरची कॉलर, म्हणजे हँडलच्या मागची चकती, जबड्याला हाताने दाबून धरा, कारण तिथला ढिलेपणा नटाच्या नावावर मोजला जातो. मग हँडल पुढे-मागे फिरवा आणि किती फेरा रिकामा जातो ते बघा. 6 मिमी पिचच्या चौकोनी आट्याची जाडी 3 मिमी असते. पाव फेरा रिकामा गेला म्हणजे दीड मिमी झिजलं, जवळजवळ निम्मा आटा. इतक्यावर तो चालतो, पण जोराच्या कामाला नाही. त्याहून जास्त असेल तर स्क्रू बाहेर काढून आटे बघा. चौकोनी आटा झिजून करवतीच्या दातासारखा टोकदार झाला असेल तर तो एक दिवस पूर्ण ओळच्या ओळ सोडणार.

बहुतेक वेळा नट जास्त झिजलेला असतो आणि स्क्रू बऱ्यापैकी असतो. मग नुसता नट करून घ्या, गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या एमआयडीसी भागात चौकोनी आटे पाडणारे लेथवाले आहेत, पण आधी विचारा की आतले चौकोनी आटे पाडता का. बाहेरचे सगळेच पाडतात. त्यांच्याकडे स्क्रू घेऊन जा, नुसतं माप नको, कारण झिजलेल्या स्क्रूला तंतोतंत मापाचा नट मध्येच अडकतो. स्क्रूचा मधला भाग, जिथे रोजची पकड होते, बारीक झालेला असतो आणि टोकं मूळ जाडीची. नट टोकाच्या मापाला करावा लागतो, म्हणजे मध्ये थोडा ढिलेपणा राहतोच. तो तुम्हाला खपत नसेल तर स्क्रूही नवा, ईएन 8 पोलादाचा.

ग्रीसबद्दल एक सांगतो, कारण झीज का झाली याचं उत्तर तिथे आहे. आपल्याकडची धूळ, काळ्या मातीची भुकटी आणि हंगामात उडणारा कापसाचा तंतू उघड्या ग्रीसवर बसतो आणि त्याची पॉलिश पेस्ट होते. जिनिंगच्या दिवसांत मी दर पंधरवड्याला स्क्रू रॉकेलने धुऊन पातळ ग्रीस लावतो. वर्षानुवर्षं ग्रीसवर ग्रीस थापणारे लोक आट्यांवर कानसच चालवत असतात.

मोडीत द्यायचा का, याचं उत्तर आता देतो. तडा मानेतच असेल आणि नटापुरतं काम असेल तर दुरुस्त करा. जुन्या व्हाइसचं ओतकाम भरीव असायचं, आज त्याच वजनाचा घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल. दुकानात उचलून बघा, नवा सहा इंची कितीतरी हलका लागेल. पण तडा स्क्रूच्या भोकात गेलेला असेल, किंवा स्क्रू, नट, जबडा तिन्ही करावे लागणार असतील आणि खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर वडिलांची आठवण म्हणून तो हलक्या कामाला ठेवा आणि जोराच्या कामाला दुसरा घ्या. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात भंगारवाल्यांकडे कधी कधी जुने जड व्हाइस निघतात. घेताना खडू आणि डिझेल खिशात न्या.

आणि वखराची पास या व्हाइसवर पुन्हा घणाने ठोकायची नाही. हे मी विनंती करून सांगतो, कारण तुटलेला जबडा पायावर पडलेला माणूस मी पाहिलाय. ठोकायचं काम ऐरणीवर, नाहीतर लोहाराकडे असतो तसा जमिनीपर्यंत पाय टेकवलेला घडीव लोखंडाचा लेग व्हाइस घ्या. तो घण खायलाच बनवलेला असतो, त्याचा धक्का पायातून जमिनीत जातो. बेंच व्हाइसवर हलका टोला द्यावाच लागला तर तो स्थिर जबड्याच्या दिशेने जाईल असा द्या, सरकत्या जबड्याच्या दिशेने कधीच नाही.

थोडक्यात तुमचा क्रम असा लागेल. उद्या रॉकेल आणि खडू. रेघ मानेतच थांबली तर जुनं वेल्डिंग कानस धरेपर्यंत काढणं, व्ही, तेल जाळणं, मग एखाद्या शांत संध्याकाळी पितळ आणि रात्रभर राख. दुसऱ्या दिवशी बोल्ट. त्याच दरम्यान नट लेथवर. आणि सगळ्यात आधी तो शाफ्टचा तुकडा भोकातून काढून माइल्ड स्टीलचं हँडल बसवा. भोकात सहज सरकेल एवढ्या जाडीचं, आणि मूळचं होतं त्याहून लांब नको.

जोडल्यावर पहिल्या दिवशी दोन्ही जबड्यांत बाभळीचा तुकडा धरा, फक्त हाताने, पाइपशिवाय, नेहमीच्या जोराला आवळा आणि रात्रभर तसाच ठेवा. समोर नाही, बाजूला उभे राहून आवळा. सकाळी सोडून पुन्हा रॉकेल लावा, पुसा आणि पितळाच्या दोन्ही कडांवर खडू घासा. रेघ उमटली नाही तर कामाला लागा, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा खडू घासून बघा.